गादी सांभाळून संगणकाची पदव्युत्तर पदवी
बारामती-इंदापूरच्या व्यापारी घरांसमोरचा नवा प्रश्न

अकरावी वाणिज्य शाखेचा अर्ज भरताना गणित की चिटणिसाची कार्यपद्धती, हा प्रश्न येतो. व्यापारी घरात त्याचा निकाल बहुधा दोन मिनिटांत लागतो. मुलगा पुढे दुकानातच बसणार, मग गणिताचा त्रास कशाला, असे म्हणून ‘एस.पी.’वर खूण केली जाते. पाच-सहा वर्षांनी तोच मुलगा बी.कॉम. होऊन दुकानाच्या संगणकावर दिवसभर बिले करीत असतो आणि एके संध्याकाळी वडिलांना विचारतो, ‘पप्पा, मी एम.सी.ए. करू का?’ तेव्हा घरात दोन चिंता एकदम उभ्या राहतात. सोडलेले गणित आता आडवे येईल, ही पहिली. दुसरी अधिक खोल आणि सहसा न बोललेली : पुण्याला गेलेला मुलगा परत येईल का?

पहिल्या चिंतेचे उत्तर सोपे आहे. एम.सी.ए. आता तीन नव्हे, दोन वर्षांचे आहे. २०२०-२१ पासून हा बदल झाला. बी.कॉम. झालेल्यांनाही त्याचे दार उघडे असून संगणक न शिकलेल्यांना सुरुवातीस पूरक विषय पूर्ण करावे लागतात. बारावीत किंवा पदवीला गणित असण्याबाबतचा नियम गेल्या काही वर्षांत बदलत आला आहे, म्हणून राज्याच्या सीईटी कक्षाची त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी; शेजाऱ्याच्या मुलाचा अनुभव नव्हे. एम.एस्सी. संगणकशास्त्राची गोष्ट मात्र वेगळी. तेथे साधारणपणे संगणकाची किंवा विज्ञानाची पदवी लागते, आणि निव्वळ बी.कॉम.वर ती वाट मिळत नाही.

दुकानात बसणाऱ्याला ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही. रोजकीर्दीत नोंद करताना जमा आणि नावे या दोन्ही बाजू पडल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. संगणकाच्या माहितीसाठ्यात ‘ट्रान्झॅक्शन’ या नावाने नेमके हेच तत्त्व शिकवतात : एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर सगळा व्यवहार मुळातून मागे घेतला पाहिजे. या क्षेत्रातील मूलभूत कामासाठी जिम ग्रे या शास्त्रज्ञाला १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एकच ग्राहक ‘शहा ब्रदर्स’ आणि ‘शाह ब्रदर्स’ अशा दोन नावांनी खतावणीत शिरला की उधारीचा कसा घोळ होतो, हे ज्याने भोगले आहे, त्याला एक माहिती एकाच ठिकाणी ठेवण्याचा संगणकशास्त्रातील आग्रह लगेच पटतो. इतर मुले हा धडा पुस्तकातून शिकतात. व्यापाऱ्याच्या मुलाने त्याची किंमत वसुलीत मोजलेली असते.

गरजही आता दारात येऊन उभी आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्याशी होणाऱ्या व्यवहारात ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने तर मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले आहेत. ज्या शेतकऱ्याला आपण खत, बियाणे, पाइप विकतो, त्याच्या हातातील मोबाइल त्याला पाणी कधी द्यावे हे सांगू लागला, तर दुकानदाराने केवळ बिल छापण्यापुरता संगणक ठेवून कसे भागेल?

शिक्षणाला घातलेले पैसे फुकट जात नाहीत, हे या परिसराला शिकवावे लागत नाही. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले ते समाजाच्या औदार्यातून; विद्या प्रतिष्ठानची स्थापना १९७२ ची. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे नाव तर सोलापूरच्या व्यापारी कुटुंबातून आलेल्या वालचंद हिराचंद यांचे. आज बारामतीत संगणक शिक्षणाची सोय घराजवळ आहे. इंदापूरच्या मुलाला मात्र रोजचे जाणे-येणे शंभर किलोमीटरच्या घरात पडते, आणि नियमित अभ्यासक्रमाला उपस्थिती हवी म्हटल्यावर गादीवर कोण बसणार, हा प्रश्न राहतोच.

म्हणूनच काम सांभाळून शिकण्याचे मार्ग पाहिले पाहिजेत. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे एम.सी.ए. किमान दोन व कमाल चार वर्षांत पुरे करता येते. लग्न होऊन आलेल्या, पदवीवर शिक्षण थांबलेल्या सुनांसाठीही ही सोय आहे, याचा विचार घराघरांत अजून फारसा होत नाही. पिलानीच्या बिट्स संस्थेने नोकरदारांसाठी १९७९ पासून काम करता करता शिकण्याचे अभ्यासक्रम चालविले आहेत. अमेरिकेत जॉर्जिया टेक विद्यापीठाने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन सुरू केली आणि तिचा एकूण खर्च सुमारे ७,००० डॉलर ठेवला. जगातील नोकरदार विद्यार्थी मोठ्या संख्येने तिकडे वळले.

येथे व्यापारी घरांची एक जुनी सवय आड येते. मुलगा चार-पाच वर्षे दुकान चालवतो, पण वहीत त्याचा पगार नसतो, भागीदारी लेखात नाव नसते. कामाच्या अनुभवाचा पुरावा मागणाऱ्या अभ्यासक्रमाला दाखवायचे काय? त्याला वाजवी वेतन देऊन ते बँकेमार्फत खात्यावर जमा करावे, त्याचे विवरणपत्र भरावे. याचा उपयोग पुढे कर्ज मागतानाही होतो.

दूरशिक्षणाची पदवी मान्य नसते, हा समज जुना झाला. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. मात्र संस्थेचे नाव त्या सत्रासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहावे. दूरस्थ पद्धतीने एम.टेक. देऊ करणाऱ्या जाहिरातीपासून तर चार हात दूरच राहावे. अभियांत्रिकीला ती मुभा नाही.

पैशाचे गणित करताना अनेकजण घाईने मुदत ठेव मोडतात. बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि परतफेड अभ्यासक्रम संपून वर्षभराने सुरू होते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते, हे विसरू नये; ते शिकतानाच भरत गेल्यास पुढचा हप्ता हलका होतो. कलम ८०ई खाली या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, पण जुन्या करपद्धतीतच. अर्धवेळ किंवा दूरस्थ अभ्यासक्रमाला कर्ज मिळेल का, हे प्रवेशाची फी भरण्याआधी शाखेत विचारावे.

राहिला प्रश्न वेळेचा. मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. कापड, भांडी, सराफीवाल्यांची दिवाळी त्यात सापडत नाही. पण ज्यांची दुकाने बी-बियाण्यांची किंवा वह्या-पुस्तकांची आहेत, त्यांचा हंगाम ऐन जूनमध्ये. अशा घरांनी जूनचे विषय कमी घेऊन डिसेंबरवर भर द्यावा, आणि परीक्षेच्या पंधरवड्यात गल्ल्यावर कोण बसेल, हे फॉर्म भरतानाच ठरवून टाकावे.