एकरी टनेज : किती आकडे खरे?



शेवटच्या खेपेची पावती हातात पडली की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो : एकरी टनेज किती पडलं? समजा, को ८६०३२ चं क्षेत्र ४७ गुंठे आणि सगळ्या पावत्यांची बेरीज ५८.६४ टन. गणकयंत्र सांगतं, एकरी ४९.९०६३८२ टन. शेजारच्या ३८ गुंठ्यांत फुले २६५ होता, तो भरला ४८.०२ टन, म्हणजे एकरी ५०.५४७३६८. झालं! २६५ सरस, पुढच्या लागणीला तेच बेणं.

पण जरा थांबा. वजन काट्यावरचं आहे, ते ठीक. गुंठे कुणी मोजले? बांध, पाट, गाडीवाट धरून की सोडून? टेप नीट धरली तरी अर्ध्या गुंठ्याचा फरक राहतोच. मग पहिलं क्षेत्र साडेशेहेचाळीस ते साडेसत्तेचाळीस गुंठ्यांत कुठंही असेल आणि टनेज ४९.४ ते ५०.४ च्या दरम्यान. २६५ चं तसंच ४९.९ ते ५१.२. दोन्ही एकमेकांत शिरले की! मोजमापातले जे अंक भरवशाचे, त्यांना 'सार्थ अंक' म्हणतात. गुणाकार-भागाकारात ज्या मापात असे अंक सर्वांत कमी, तेवढेच उत्तरात धरायचे. ४७ मध्ये दोन, ३८ मध्येही दोन. सबब दोन्ही प्लॉट एकरी सुमारे ५०-५१ टनांचे. बेणं निवडायचं ते जमीन बघून, खोडवा बघून. दशांशापुढच्या आकड्यांवरून नव्हे.

पैशाचं मात्र उलट. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. हे मोजलेले आकडे नव्हेत, ठरवून दिलेले आहेत. तिथं छाटाछाट चालत नाही. उतारा ११.२५ धरला तर दहा टप्पे, म्हणजे तोडणी-वाहतूक वजा जाण्याआधी टनाला ३,८९६ रुपये. कुणी मधेच ३.४६ चे साडेतीन केले, तर ३,९००. चार रुपयांचं काय एवढं, असं वाटेल. पण ५८.६४ टनांवर ते २३४ रुपये ५६ पैसे होतात आणि १० लाख टन गाळपावर ४० लाख रुपये! म्हणून पैशाची गोळाबेरीज करायची ती अगदी शेवटी.

आणि येत्या लागणीआधी बांध-पाट वगळून एकदा टेप टाकून घ्या. तो आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा.