फोर-बाय-फोर गाडीची बॅटरी कशी बदलावी

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर खेडोपाडी जीपगाडी दिसू लागली. त्या जीपचा सेल्फ लागला नाही तरी काम अडत नसे. चालक पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवी, नाहीतर चार गडी गाडीला धक्का देत. आज शेतकऱ्याच्या दारी उभी असलेली चारही चाकांना जोर असणारी गाडी, मग ती थार असो, गुरखा असो वा जिम्नी, दिसावयास त्या जीपच्या कुळातील असली तरी या बाबतीत अगदी निराळी आहे. तिला हँडलची सोय नाही. इंधनाचा पंप, इंजेक्टर आणि त्यांवर हुकूम चालविणारा संगणक या सर्वांना विजेची गरज असते. बॅटरी पुरती उतरली म्हणजे धक्का मारूनही इंजिन पेट घेत नाही. आणि गिअर आपोआप बदलणारी गाडी असेल तर धक्क्याचा उपायच खुंटला.

पावसाळ्याच्या रात्री वस्तीवरील माणसाला सर्पदंश व्हावा, ग्रामीण रुग्णालय पंधरा-वीस किलोमीटरवर असावे, ओढ्याच्या चिखलातून जाऊ शकणारी गाडी दारात उभी असावी आणि किल्ली फिरविल्यावर नुसता ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज यावा, याहून मोठी अडचण ती कोणती? असा प्रसंग बहुधा पूर्वसूचना दिल्याशिवाय येत नाही. सकाळी इंजिन जड फिरू लागते. सेल्फ मारताना डॅशबोर्डवरील दिवे मंदावतात. काही गाड्यांत तर बॅटरी अशक्त होताच ब्रेकचे, स्टिअरिंगचे आणि फोर-व्हीलचे इशारादिवे एकदम लागतात, आणि मालकाला वाटते की गिअरबॉक्सच बिघडला. अशा वेळी मोठ्या दुरुस्तीचा खर्च मान्य करण्यापूर्वी बॅटरी तपासून घ्यावी.

दोष बॅटरीचाच आहे काय?

गाडीची बॅटरी शिसे व सौम्य गंधकाम्ल यांची बनलेली असून तिच्यात सहा घट असतात. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्टचा, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा किंचित अधिक दाखविते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी साध्या मल्टिमीटरने हे मोजावे. १२.४ व्होल्ट असल्यास ती सुमारे तीन चतुर्थांश भरलेली आहे, १२.२ असल्यास निम्मी, आणि १२ च्या आसपास असल्यास जवळजवळ रिकामी समजावी. नंतर एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने काट्याकडे पाहावे. भरलेल्या बॅटरीचा दाब त्या क्षणी साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल तर ती आतून निकामी होत आली आहे.

इंजिन चालू असताना हाच दाब साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट असावयास हवा. काही नव्या गाड्यांत संगणक भार पाहून तो कमीजास्त करतो, म्हणून हेडलाइट लावून मोजणे बरे. तरीही काटा १२ च्या घरातच राहिला तर दोष आल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असतो. तेथे नवी बॅटरी बसविली तरी तीही चार-दोन दिवसांत उतरते आणि पैसे वाया जातात. टर्मिनलांवर साचलेला पांढरा-हिरवा क्षार हेही सेल्फ न लागण्याचे एक नेहमीचे कारण आहे. तो साफ करण्यास काहीच खर्च येत नाही.

बॅटरी लवकर मरण्याचे आपल्याकडील मुख्य कारण उष्णता हे होय. उन्हाच्या तापाने आतील पाणी उडते व शिशाच्या जाळ्या झिजतात. मार बसतो वैशाखात, पण तो उघडा पडतो मार्गशीर्ष-पौषातील थंड सकाळी, कारण थंडीत इंजिनाचे तेल घट्ट होते आणि बॅटरीचा जोरही कमी पडतो. डिझेल इंजिनाला तर दाब अधिक म्हणून सेल्फसाठी प्रवाहही अधिक लागतो. दुसरे कारण म्हणजे गाडी आठवडेच्या आठवडे गोठ्याशेजारी उभी ठेवणे. उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो व मग ती पूर्ववत भरत नाही.

नवी बॅटरी घेताना

जुन्या बॅटरीवर जो क्रमांक छापलेला असतो तो दुकानात सांगावा. उदाहरणार्थ, ६५डी३१आर अशा क्रमांकात ३१ हा आकडा लांबी सेंटिमीटरमध्ये दाखवितो आणि शेवटचे एल किंवा आर हे अक्षर धन टर्मिनल कोणत्या बाजूस आहे ते सांगते. हे अक्षर चुकले तर तार पोहोचत नाही, आणि ती ओढूनताणून पोहोचविणे धोक्याचे असते. क्षमता थोडी अधिक असली तर बिघडत नाही. मात्र बॅटरी तिच्या तबकात घट्ट बसली पाहिजे. घरात ट्रॅक्टरची बॅटरी आहे म्हणून ती गाडीत घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. ती उंच असेल तर बॉनेट लावताच धन टर्मिनल पत्र्याला टेकते, ठिणग्या उडतात आणि गाडीला आग लागू शकते.

सिग्नलला थांबताच इंजिन आपोआप बंद होण्याची सोय ज्या गाडीत आहे तिला वारंवार सेल्फ मारण्यासाठी बनविलेली एजीएम किंवा ईएफबी जातीची बॅटरी असते. तिच्या जागी साधी स्वस्त बॅटरी बसविल्यास ती फार दिवस टिकत नाही. दुकानदाराकडे बॅटरीची निर्मिती-तारीखही पाहावी. फळीवर पडून असलेली बॅटरीही हळूहळू उतरत असते, म्हणून सहा महिन्यांहून जुना माल शक्यतो घेऊ नये.

बदलण्याची रीत

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, सर्व दिवे बंद करावे आणि किल्ली काढून खिशात ठेवावी. ती गाडीत राहू देऊ नये, कारण वीज जाता-येता दारे आपोआप बंद होण्याचा संभव असतो. एक काच खाली घेऊन ठेवावी. यानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. इंजिन बंद झाले तरी संगणक लगेच झोपी जात नाहीत. शिवाय ज्या डिझेल गाडीत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाच्या द्रावणाची टाकी असते, तिचा पंप नळीतील द्रावण टाकीत परत ओढून घेत असतो. ते काम अर्धवट तोडल्यास नळीत स्फटिक बसतात. (हे द्रावण ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे असते. खताचा युरिया पाण्यात कालवून ते घरी करू नये.)

हातातील कडे, अंगठी व घड्याळ काढून ठेवावे, डोळ्यांवर चष्मा व हातात रबरी मोजे असावेत. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने भडकतो, तेव्हा जवळ कोणीही विडी ओढू नये.

आता क्रमाकडे लक्ष द्यावे. प्रथम ऋण टर्मिनल, म्हणजे काळ्या तारेचे, सोडवावे व नंतर धन टर्मिनल, लाल तारेचे. बसविताना याच्या उलट: आधी धन, शेवटी ऋण. कारण सोपे आहे. गाडीचा सारा सांगाडा ऋण टर्मिनलला जोडलेला असतो. धन टर्मिनल आधी सोडविताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह त्या पान्यातून वाहतो, पाना लाल होतो आणि कधी बॅटरीही फुटते. ऋण तार आधी सुटली असेल तर पाना पत्र्याला कोठेही लागला तरी काही होत नाही.

नव्या गाड्यांत ऋण टर्मिनलवर बॅटरीचा हिशेब ठेवणारी एक लहान काळी डबी असते. तिला हातोडीने ठोकू नये किंवा पक्कडीने पिळू नये. नट सैल करून ती अलगद वर उचलावी. त्यानंतर खालची पकडपट्टी सोडवून बॅटरी सरळ उचलावी. तिचे वजन पंधरा-वीस किलो भरते, म्हणून पाठ न वाकविता गुडघ्यांत वाकावे. तबकात आम्ल सांडले असल्यास खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओतावा, फेस थांबल्यावर धुवून कोरडे करावे. डोळ्यात आम्ल उडाले तर स्वच्छ पाण्याच्या धारेने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

नवी बॅटरी ठेवल्यावर पकडपट्टी आधी आवळावी. शेतरस्त्यावर धावणाऱ्या गाडीत सैल बॅटरी हादऱ्यांनी आतल्या आत तुटते, आणि शहरी गाडीपेक्षा फोर-बाय-फोरला हा धोका पुष्कळच अधिक. टर्मिनलांचे नट घट्ट असावेत पण जीव खाऊन आवळू नयेत, कारण शिसे मऊ असते. वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा.

पहिल्यांदा गाडी चालू केल्यावर घड्याळ चुकलेले दिसेल, काचेचे बटण दाबून आपोआप वर जाणे बंद पडलेले असेल, आणि एखादा इशारादिवा थोडा वेळ लागून राहील. यात घाबरण्यासारखे काही नाही. स्टिअरिंग एकदा दोन्ही टोकांपर्यंत फिरवून गाडी थोडे अंतर चालविली की तो दिवा बहुधा विझतो. काचेची रीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद कार्यशाळेतील यंत्राने संगणकात करून घ्यावी लागते. तेही पुस्तिकेत पाहावे.

इंजिन चालू ठेवून बॅटरी काढण्याची जुन्या चालकांची एक खोड आहे. आल्टरनेटर ठीक आहे की नाही हे पाहण्याची ती पद्धत जुन्या जीपला चालून जाई. आजच्या गाडीत तसे केल्यास दाब एकाएकी उसळतो आणि संगणक जळतो. त्याची किंमत बॅटरीच्या कित्येक पट असते. गाडीवर वेल्डिंग करावयाचे असेल तेव्हाही ऋण तार आधी काढून ठेवावी.

जुन्या बॅटरीचे काय करावे?

तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो, म्हणून नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती इतर कचऱ्यात टाकावयाची नसून संकलन करणाऱ्या किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच द्यावयाची आहे. ती घरी फोडून शिसे वितळविणे, किंवा त्यापासून मासेमारीच्या जाळ्याची वजने ओतणे, हे अत्यंत घातक होय. शिशाचा धूर व धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते, आणि अंगणातील मातीत पडलेले शिसे वर्षानुवर्षे तेथेच राहते. आतील आम्ल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. बॅटरी तालुक्याच्या गावी नेताना आडवी करू नये, दोन्ही टर्मिनलांवर चिकटपट्टी लावावी, आणि बियाणे किंवा जनावरांची पेंड यांच्यासोबत एकाच खेपेत ती भरू नये.