कोडोलीचा गॅस आणि उसाचं देणं

एक टन ऊस गाळला की ३० ते ४० किलो प्रेसमड उरतं. रसात चुना घालून, तो तापवून निवळला की खाली बसलेला गाळ फिल्टरवर पिळून काढतात. काळपट, ओलसर, बोटांना मेणचट लागणारा. त्यात थोडी साखर असते, उसाचे तंतू असतात, मेण असतं. जिवाणूंना हे आयतं खाद्य.

कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरजवळच्या कोडोलीत स्पेक्ट्रम रिन्यूएबल एनर्जी या कंपनीने वारणा साखर कारखान्याच्या प्रेसमडवर गॅस प्रकल्प उभारला, तोही अशा गॅसला चालना देणारी केंद्राची ‘सतत’ योजना २०१८मध्ये येण्याच्या बऱ्याच आधी. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा कारखान्याला हे शोभणारंच होतं.

प्रेसमड पाण्यात कालवून बंद टाकीत सोडतात. हवा आत जाऊ द्यायची नाही, ऊब ३५ ते ४० अंशांच्या आसपास राखायची. काही सूक्ष्मजीव आधी आम्लं तयार करतात, दुसरे त्यांचा मिथेन करतात. एकदम जास्त खाद्य पडलं की आम्ल साचतं आणि गॅस मंदावतो, म्हणून रोज मापातच घालायचं. कच्च्या गॅसमध्ये मिथेनबरोबर कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, शिवाय लोखंड खाणारा, कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. हे दोन्ही काढून मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेला की तो सीएनजीच्या गाडीत चालतो. ढोबळमानाने २५ टन प्रेसमडमागे टनभर गॅस.

खरी कसोटी साठवणुकीची आहे. गाळप चार-पाच महिने चालतं, टाकीला खाद्य मात्र बारा महिने लागतं. उघड्यावरचा ढीग आतून तापतो, कुजतो, आणि जो भाग गॅस व्हायचा तो हवेत जातो. ढीग दाबून, नीट झाकून ठेवला तरच पावसाळा निघतो.

मग एकरी तीन-चार टन निघणारं पाचटही टाकीत का घालू नये? ते हलकं, लिग्निनमुळे चिवट, टाकीत वर तरंगणारं. वाहतूकही परवडत नाही. आणि परवडली तरी माझं मत ठाम आहे: पाचट पेटवू नये आणि नेऊही नये, ते खोडव्याच्या सरीतच राहावं. ओल टिकते, तण दबतं. कोल्हापूरचेच शेतकरी प्रताप चिपळूणकर नांगरणीशिवाय शेती करत पिकांचे अवशेष जमिनीतच कुजवण्याचा आग्रह वर्षानुवर्षं धरत आले आहेत.

प्रेसमड पूर्वी खत म्हणून शेतात जायचं. गॅस काढल्यावर त्यातला बराच कर्ब जातो, पण नत्र, स्फुरद, पालाश टाकीतून निघणाऱ्या स्लरीत उरतात. त्यावर हक्क ऊस घालणाऱ्याचाच. कारखान्याच्या सभासदाला किती खत मिळणार आणि कधी, हे प्रकल्पाच्या करारातच लिहिलेलं हवं. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमधली. खत मे महिन्यात बांधावर आलं तरच ते सरीत पडेल.