खुनी कोण, हे गल्लीला ठाऊक असतं

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या वाचकाला रहस्यकथेचे नियम कुणी शिकवावे लागत नाहीत. खून होतो, आणि तो अपवाद असतो. पोलीस भलत्यालाच धरतात, हुशार गडी खरा खुनी हुडकतो आणि शेवटच्या पानावर सगळं जागच्या जागी येतं. मनिलात घडणारी कादंबरी मराठीत लिहायला घेतली आणि पहिल्याच प्रकरणात हे नियम कोलमडले. ३० जून २०१६ ला रॉद्रिगो दुतेर्ते फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत रोज रात्री माणसं मरू लागली. पोलीस कारवाईत ६,००० हून जास्त मेले, हा खुद्द सरकारचा आकडा. मानवाधिकार संघटनांचा आकडा त्याच्या कित्येक पट आहे. खुनी कोण, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग रहस्य शिल्लक राहिलं कुठे?

ते कागदात राहिलं. त्यामुळे माझ्या टेबलावर पिस्तुलांची पुस्तकं कमी आणि पोलिसांच्या अहवालांतली भाषाच जास्त असते. बातम्यांतून आणि निकालपत्रांतून ती जमवलेली आहे. गोष्ट ठरलेली: सापळा लावला, संशयिताला पोलिसांचा सुगावा लागला, त्याने .३८ चं रिव्हॉल्व्हर काढून गोळी झाडली, पोलिसांना प्रत्युत्तर द्यावं लागलं. खिशात ‘शाबू’च्या, म्हणजे मेथॅम्फेटामाइनच्या पुड्या, रुग्णालयात पोचण्यापूर्वी मृत्यू. ‘नानलाबान’, म्हणजे त्याने प्रतिकार केला, या एका शब्दावर फाइल बंद. नव्वदच्या दशकात मुंबईच्या चकमकींच्या बातम्या वाचलेल्यांना हे नवीन नाही. आपल्याकडे फक्त ‘अंधाराचा फायदा घेऊन साथीदार पसार’ एवढं जास्तीचं असायचं.

लेखक म्हणून मी हे अहवाल कथा म्हणून वाचतो. त्यांचा लेखक आळशी आहे. कथानक एकच, संवाद नाहीत, शेवट तोच. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा २०२० चा अहवाल सांगतो की, वेगवेगळ्या ठिकाणी मेलेल्या माणसांजवळ एकाच अनुक्रमांकाची पिस्तुलं सापडत होती. म्हणजे पात्रं बदलली, पण हत्यार बदलायचेही कष्ट कुणी घेतले नाहीत. २०१६ मध्येच एका दक्षिण कोरियन उद्योजकाचं अपहरण करून त्याचा गळा आवळला गेला, तोही राष्ट्रीय पोलिसांच्या मुख्यालयाच्या, कँप क्रामेच्या आवारात. हे प्रकरण बाहेर आल्यावर जानेवारी २०१७ च्या अखेरीस मोहीम काही काळ थांबवावी लागली. मी हे कल्पनेने लिहिलं असतं तर कोणत्याही संपादकाने ‘पटत नाही’ म्हणून काट मारली असती.

आता प्रत्यक्ष गल्ली. मनिलाच्या तोंदो भागातली गल्ली दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं, एवढीच रुंद. डोक्यावर विजेच्या तारांचा गुंता. कोपऱ्यावर ‘सारी-सारी’, म्हणजे घराच्याच खिडकीत थाटलेलं दुकान. त्याला तारेची जाळी, जाळीआड शांपूच्या पुड्या, सुटी सिगारेट, तीन-इन-वन कॉफीच्या माळा. शेजारी नाणं टाकून गाणी म्हणायचं व्हिडिओके यंत्र. खुनाचा प्रसंग लिहिताना मी मृतदेहापासून सुरुवात करत नाही, कारण मग परिच्छेदाची बातमी होते. कॅमेरा दुकानात ठेवतो. बाई गिऱ्हाइकाला चिल्लर परत देतेय. मोटारसायकलवरून दोघं येतात, हेल्मेट काढत नाहीत. जाळीतून तिला दिसतात ते गुडघे, बूट आणि पळताना कुणाच्या तरी पायातून निसटलेली रबरी चप्पल. गाणं मध्येच थांबतं की पुरं होतं, यावर मी बराच अडून होतो. शेवटी पुरं होऊ दिलं. यंत्राला काय कळतंय. शेवटी ते नेहमीप्रमाणे गुण दाखवतं.

यानंतर जे होतं ते रहस्यकथेत सहसा येत नाही. पिवळी फीत लागते, मग अंत्यसंस्कारवाल्यांची गाडी येते आणि तिचं बिल घरच्यांच्या माथी बसतं. घरच्यांकडे पैसे नसतात. म्हणून रात्रीच्या जागरणासाठी ठेवलेली शवपेटी ताडपत्रीखाली कित्येक दिवस राहते. बाजूच्या टेबलावर ‘साकला’ नावाचा पत्त्यांचा जुगार चालतो आणि त्यातला घरधन्याचा वाटा क्रियाकर्मासाठी जातो. खून झालेल्याच्या पेटीच्या काचेवर कोंबडीचं एक पिल्लू सोडून दाणे टाकतात. ते टोचत राहिलं की मारणाऱ्याच्या मनालाही टोचणी लागते, अशी समजूत. पहिल्या मसुद्यात या पिल्लावर मी जवळजवळ पानभर लिहिलं होतं. आता दोन ओळी आहेत, आणि तेवढ्या पुरतात.

तपास मग करायचा कुणी? इन्स्पेक्टर बाद, कारण तोच संशयित. हा पेच एफ. एच. बाताकान यांनी फार आधी सोडवला. ‘स्मॉलर अँड स्मॉलर सर्कल्स’ या त्यांच्या कादंबरीला १९९९ मध्ये पालांका पुरस्कार मिळाला, पुस्तक २००२ मध्ये आलं. पायातासच्या कचरा डेपोत मुलांचे मृतदेह सापडतात आणि शोध घेतात दोन जेझुइट पाद्री. त्यांतला एक हाडांचा अभ्यासक आहे. तेव्हा काहींना हा लेखकीय लाड वाटला असेल. पण वीसेक वर्षांनी मनिलात खरोखरच एक पाद्री आणि एक न्यायवैद्यक डॉक्टर हाडं घेऊन बसले.

त्याचं कारण कबरींचं भाडं. सार्वजनिक दफनभूमीत एकावर एक रचलेले सिमेंटचे कप्पे असतात आणि ते पाच वर्षांच्या कराराने मिळतात. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, की अवशेष बाहेर काढले जातात. २०१६ मध्ये मेलेल्यांची मुदत २०२१ मध्ये संपू लागली. फादर फ्लाविआनो विल्यानुएवा यांनी या कुटुंबांसाठी अवशेष सन्मानाने काढून त्यांचं दहन करण्याचं काम हाती घेतलं. दहनाआधी डॉ. राकेल फोर्तुन यांनी ते तपासले. देशात त्यांच्यासारख्या प्रशिक्षित न्यायवैद्यक तज्ज्ञ अवघ्या दोन. काहींच्या मृत्युदाखल्यावर नैसर्गिक कारण लिहिलं होतं, हाडांवर मात्र गोळीच्या खुणा होत्या. माझ्या कादंबरीचा कणा हाच. तिच्यातली नायिका दफनभूमीच्या कार्यालयात भाड्याच्या नोंदी ठेवणारी कारकून आहे. वही आणि हाडं जुळत नाहीत, एवढंच तिच्या लक्षात येतं.

पुण्यातल्या एका मित्राचं म्हणणं, तुला शेवट आयता मिळाला. ११ मार्च २०२५ ला दुतेर्तेंना मनिलाच्या विमानतळावर अटक झाली आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयासमोर उभं करण्यासाठी हेगला नेलं. बातमी मोठी आहे, पण माझ्या कारकून बाईच्या हाती त्यातलं काही लागत नाही. खटले उभे राहिलेच तर ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १७ वर्षांच्या एका शाळकरी मुलाला फरफटत नेताना सीसीटीव्हीत दिसलं, म्हणून २०१८ मध्ये तीन पोलिसांना खुनाबद्दल शिक्षा झाली. कॅमेरा नसता तर तोही ‘नानलाबान’च ठरला असता.

मला शेवट दुसऱ्या एका प्रकरणात सापडला. मनिलालगतच्या कालोओकानमध्ये २०१६ साली भरकटलेल्या गोळीने ९ वर्षांचा एक मुलगा गेला. दाखल्यावर ब्रॉन्कोन्यूमोनिया. बापाने दुरुस्तीसाठी कोर्टात अर्ज केला, खालच्या कोर्टाने तो फेटाळला. तो अपिलात गेला आणि अपील कोर्टाने मृत्यूचं खरं कारण, गोळीची जखम, दाखल्यावर नोंदवायचा आदेश दिला. माझं शेवटचं प्रकरण अशाच दुरुस्त दाखल्याच्या खिडकीसमोरच्या रांगेत घडतं. खुन्याला अटक होत नाही. मित्राला हा शेवट मुळीच पसंत नाही, आणि मी तो बदलणार नाही.