लाइव्हडेन येथील अपुरें दगडी घर

इंग्लंडांत नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यांत लाइव्हडेन न्यू बील्ड नांवाचें एक दगडी घर आहे. त्याला छप्पर कधीं चढलेंच नाहीं. बांधविणारा सर टॉमस ट्रेशम १६०५ च्या सप्टेंबरांत वारला व काम तेथेंच थांबलें.

ट्रेशम रोमन कॅथलिक. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत त्या पंथाची उपासना गुन्हा ठरली होती. कॅम्पियन नामक धर्मोपदेशकास आश्रय दिल्याच्या आरोपावरून १५८१ त तो पकडला गेला; पुढील कित्येक वर्षें बंदींत व दंड भरण्यांत गेलीं. जें मुखानें बोलण्याची चोरी होती, तें त्यानें पाथरवटाकडून बोलविलें. घराची आंखणी समभुज क्रूसाची आहे. दोन मजल्यांमधील पट्टींत ख्रिस्ताच्या यातनांचीं चिन्हें कोरलीं आहेत: काट्यांचा मुकुट, फांसे, कोंबडा, आणि तीस रुप्याच्या नाण्यांसह ज्यूडासची थैली. वर, भिंतीच्या माथ्याशीं, लॅटिन वचनें धांवतात.

त्याचेंच रश्टन येथील त्रिकोणी घर (१५९३–९७) याहून नवलाचें. प्रत्येक बाजू ३३ फूट ४ इंच, मजले तीन, प्रत्येक बाजूस शिखरें तीन. 'त्रेस' म्हणजे लॅटिनमध्यें तीन, आणि धन्याच्या आडनांवाचा आरंभही तोच! राम म्हणजे तीन, वेद म्हणजे चार, अशा शब्दांकांनीं शक लिहिणाऱ्या आपल्या पंडितांस हा श्लेष खचित रुचला असता.

परंतु येथें सावध राहिलें पाहिजे. मोजपट्टी घेऊन बसलें तर कोणत्याही वाड्यांत हवी ती संख्या सांपडते. एकट्या दगडाच्या साक्षीवर आम्ही हा अर्थ मान्य केला नसता. सुदैवानें १८२८ त रश्टन हॉलच्या भिंतींत चिणून ठेवलेलें, कापडांत गुंडाळलेलें कागदांचें गाठोडें निघालें. ट्रेशमचा मुलगा फ्रान्सिस १६०५ च्या बंदुकीच्या दारूच्या कटांत सांपडून त्याच वर्षीं लंडनच्या टॉवरमध्यें मेला. त्या धांदलींत घरच्यांनीं दप्तर दडविलें असावें, हा तर्क आम्हांस पटतो. त्यांतील ट्रेशमच्या लेखांवरून त्रयी व यातना या विषयांचा त्याचा ध्यास स्पष्ट होतो. ज्यांनीं तें लपविलें त्यांस जिवाची भीति होती, इतिहासाची चिंता नव्हती; तरी जतन झालें तें त्या भीतीमुळेंच. आपल्याकडील किती दप्तरें कोनाड्यांत वाळवीनें खाल्लीं, हें वाचकांस सांगणें नको.

या कागदांचा गोषवारा १९०४ त सरकारी हस्तलिखित-मंडळानें छापला. मूळ कागद आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत.