खुनी आवडू लागतो तेव्हा

परवा रात्री एक मालिका बघताना मी एकदम दचकलो. पडद्यावर एक पोलीस अधिकारी खुन्याच्या मागावर होता, आणि 'याच्या हाती काही लागू नये' असं मला अगदी मनापासून वाटत होतं!

ती मालिका होती 'डेक्स्टर'. जेफ लिंडसे यांच्या २००४ सालच्या कादंबरीवरून ती निघाली. २००६ ते २०१३ या काळात अमेरिकेत तिचे ९६ भाग झाले, आणि २०२१ नंतर याच नायकाच्या नव्या मालिकाही आल्या. मायकल सी. हॉल या नटाने रंगवलेला डेक्स्टर मायामीच्या पोलीस खात्यात रक्ताच्या शिंतोड्यांचा तज्ज्ञ आहे. सकाळी तो सहकाऱ्यांसाठी डोनट घेऊन जातो. रात्री माणसं मारून त्यांची प्रेतं समुद्रात टाकतो.

असा माणूस आपल्याला आवडतो कसा? लेखकांनी त्याची चोख व्यवस्था केली आहे. डेक्स्टर मनातलं सगळं आपल्याशी बोलतो. बहिणीलाही ठाऊक नसलेलं गुपित आपल्याला ठाऊक असतं, आणि ज्याचं गुपित आपण जपतो तो आपला होऊन जातो. दुसरं म्हणजे त्याचं बालपण. तीन वर्षांचा असताना त्याच्यासमोर आईचा खून झाला. हे कळल्यावर राग धरवत नाही. आणि तिसरा त्याचा नियम. त्याला वाढवणाऱ्या हॅरी या पोलिसाने शिकवलं, की मारायचं ते फक्त खुन्यांना, तेही खात्री करून. मग आपल्याला वाटतं, कोर्टातून सुटलेल्याला शिक्षा झाली, बरंच झालं.

पण ही खात्री येते कुठून? समोरचा माणूस दोषी आहे हे कॅमेऱ्याने आपल्याला आधीच दाखवलेलं असतं. खऱ्या आयुष्यात असा कॅमेरा नसतो. म्हणून तर आरोपीला वकील लागतो, उलटतपासणी लागते, अपील लागतं. चूक होऊ शकते हे गृहीत धरूनच न्यायालय चालतं.

मालिकाही हे लपवत नाही. चौथ्या सत्रात डेक्स्टर एका छायाचित्रकाराला खुनी समजून मारतो आणि नंतर कळतं, खुनी दुसराच होता. तिथे अपील कोण करणार? मी ज्याच्या अपयशाची वाट बघत होतो तो सार्जंट डोक्स दुसऱ्या सत्राच्या शेवटी मरतो. त्याचा संशय खरा होता, पण डेक्स्टरचे सगळे खून त्याच्याच नावावर जमा होतात.

तो मेला तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला होता, हे कबूल करायला हवं. मालिका जरूर बघा. फक्त हायसं वाटेल तिथे क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, हे कोणाच्या जिवावर?