चालू वर्तमानकाळाची तालीम

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसापुढे चालू वर्तमानकाळ मांडताना आपली पाठ्यपुस्तके प्रथम 'अ‍ॅम', 'इज', 'आर' या सहायक क्रियापदांचा तक्ता देतात, मग मूळ क्रियापदास 'इंग' जोडण्याचा नियम सांगतात, आणि 'राइट'मधला शेवटचा 'ई' गळतो, 'रन'मधला 'एन' दुप्पट होतो, एवढा खुलासा झाला की प्रकरण निकालात निघाले असे मानतात. रूप पाठ होते; परंतु ते कोठे योजावे हा विवेक त्या तक्त्यातून येत नाही, आणि खरा अभ्यास त्या विवेकाचाच आहे.

वस्तुतः मराठी भाषकाचे या बाबतीतले भांडवल मोठे आहे. 'आई भाकरी करते' आणि 'आई भाकरी करतेय' यांतला भेद शाळेची पायरी न चढलेले मूलही बिनचूक पाळते. 'उद्या मी पुण्याला जातोय' असे म्हणून आपण ठरलेला बेत चालू वर्तमानकाळात सांगतो, तसा इंग्रजही सांगतो. अडचण येते ती दोन भाषांच्या हद्दी जेथे जुळत नाहीत तेथे. 'मला कळतंय', 'मला वाटतंय' ही मराठीत सर्वस्वी शुद्ध रूपे. इंग्रजीत मात्र जाणणे, समजणे, मालकी असणे अशा स्थितिवाचक क्रियापदांना 'इंग' सहसा सोसत नाही, म्हणून 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' हे वाक्य खटकते, आणि 'हॅव'चा अर्थ खाण्यापिण्याचा असला की 'शी इज हॅविंग टी' हेच रूप निर्दोष ठरते. उलट, काम करीत बसलेल्या मित्राला आपण 'काय करतोस रे?' असे सहज विचारतो. त्याचे शब्दशः इंग्रजी केले तर तो प्रश्न त्याच्या उद्योगधंद्याचा होतो. अशा चुकांबद्दल विद्यार्थ्याला लाजवणे मला अन्यायाचे वाटते, कारण शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये पोलोनियस हाती पुस्तक घेतलेल्या राजपुत्राला तो काय वाचतो आहे हे विचारतो तेव्हा साधाच वर्तमानकाळ योजतो. आजची काटेकोर शिस्त इंग्रजीत पुढील शतकांत रुजली.

ही शिस्त अंगी बाणवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कृती आणि उक्ती एकाच वेळी करणे. 1924 पासून जपानात इंग्रजी शिकवणारे, आणि पुढे कोशकार म्हणून विख्यात झालेले ए. एस. हॉर्नबी यांनी वाक्यरचना प्रत्यक्ष प्रसंगातून शिकवण्याचा पुरस्कार केला. विद्यार्थी बाकावरून उठण्यापूर्वी 'आय अ‍ॅम गोइंग टु ओपन द डोअर' म्हणतो. कडी हातात असताना, दार अर्धे उघडलेले असताना, 'आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर' म्हणतो. आणि दार सताड उघडल्यावर 'आय हॅव ओपन्ड द डोअर' म्हणतो. मधले वाक्य कृती संपल्यावर उच्चारले तर ते असत्य ठरते, आणि हे असत्य त्याच्या स्वतःच्याच ध्यानात येते. व्याकरणाचे कोणतेही सूत्र ही जाणीव इतक्या लवकर देत नाही. मग दुसऱ्याने पाहून 'ही इज ओपनिंग' म्हणावे, तिसऱ्याने प्रश्न विचारावा, चौथ्याने नकार द्यावा.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आहे. ज्या मुलाला अद्याप पेन्सिल नीट धरता येत नाही, त्यालाही दार उघडता येते आणि बोलता येते. तेव्हा शिक्षकांनी तक्ता काही दिवस मिटून ठेवावा आणि मुलांना बाकांवरून उठवावे, एवढीच विनंती.